जिंकणाऱ्याची मोटर

एकदा एका वस्तादाने आपल्याच पठ्ठ्याची जिंकलेली गाडी भर मैदानात उलटी केली, पेचकस घेतला आणि तिची मोटर काढून घेतली. पठ्ठ्याने कोणताही नियम मोडला नव्हता. तरी काढली.

गाव कारखान्यांचे. गावाबाहेर एक बंद पडलेली तेलगिरणी. तिच्या अंगणात पूर्वी शेंगा वाळत घालत, म्हणून तिथे सिमेंटची लांबरुंद फरशी होती. त्या फरशीवर दर रविवारी सकाळी गाड्यांची शर्यत होई. गाड्या हातभर लांबीच्या, रिमोटवर पळणाऱ्या. पण रूप जुन्या मोटारींचे. कुणाची फियाट, कुणाची अँबॅसिडर, कुणाची हेराल्ड. बागेला पाणी घालायच्या रबरी नळ्या फरशीवर वळवून टाकल्या की रस्ता तयार. खेळणारी माणसे वजनकाट्याच्या जुन्या ओट्यावर ओळीने उभी राहत. सगळी संसारी माणसे. शिंपी, गिरणीवाली, कारखान्यातले कारकून. आठवडाभर कामात वाकलेली माणसे त्या ओट्यावर ताठ उभी राहत.

ही शर्यत भूपाल वस्तादांनी सुरू केली होती. वस्ताद तरुणपणी तालमीत होते. तालीम सुटली, नाव राहिले. बोलणे कमी, चूक दिसली की मात्र मुलाहिजा नाही.

त्यांचा नियम सोपा होता. सर्वांची मोटर एकाच बनावटीची, पत्र्याच्या बंद डबीतली. ती कुणी उघडायची नाही. टायर एकच, बॅटरी एकच. वरची बॉडी मात्र ज्याच्या त्याच्या मनाची, फक्त ती जुन्या मोटारीची हवी. हा नियम उगाच आलेला नव्हता. आरंभी ज्याच्या खिशात जोर तो जिंकत असे. मग बाकीचे येईनासे झाले. शेवटी दोघेच श्रीमंत उरले, आणि दोघांच्या शर्यतीत मजा नाही म्हणून तेही घरी बसले. वस्तादांनी ते पाहिले होते. पुन्हा पाहायची त्यांची तयारी नव्हती.

वस्तादांचा पठ्ठा निरंजन. ओतकामाच्या कारखान्यात नोकरीला, डोक्याने तल्लख. वळण कसे घ्यावे हे त्याला वस्तादांनी शिकवले होते. "वळणात शिरायच्या आधी वेग सोड. आत शिरल्यावर सोडलास तर उशीर झाला." निरंजन शिकला आणि चांगला शिकला. वस्तादांचे वय झाले होते. येत्या दिवाळीला शर्यत सुरू करायचा झेंडा, म्हणजे शर्यतीचा सगळा कारभारच, ते कुणाच्या तरी हाती देणार होते. तो झेंडा आपल्याला मिळावा, याखेरीज निरंजनाला दुसरे काही नको होते. त्यासाठी आपण सर्वांत पुढे असले पाहिजे, असे त्याने मनाशी ठरवले. इथेच त्याची चूक झाली.

त्याच्या ध्यानात आले की एकाच खोक्यातल्या बंद मोटरी सारख्या नसतात. एखादी जन्मतःच चपळ असते, एखादी सुस्त. या मोटरी विकणाऱ्या रतनशेठच्या दुकानातून त्याने खोकेभर मोटरी उचलल्या. एकेक मोटर पाण्याच्या पेल्यात बुडवून फिरवली, म्हणजे तिच्या आतला, वीज पोचवणारा कोळशाचा तुकडा लवकर घासून नीट बसतो. मग सगळ्या पळवून पाहिल्या, सर्वांत चपळ ती ठेवली आणि बाकीच्या परत केल्या. डबी उघडली नाही. नियम शाबूत.

निरंजन जिंकू लागला. सारखाच जिंकू लागला.

रतनशेठ व्यापारी माणूस. त्याने काय चालले आहे ते ओळखले आणि स्वतःच मोटरी निवडायला सुरुवात केली. चपळ मोटरीवर तो तांबडा ठिपका लावी आणि तिची किंमत अनेक पटींनी वाढवी. लोकांनी त्याही घेतल्या. काय करणार? ज्याने ठिपक्याची घेतली नाही तो मागे राहायचा, आणि ज्याने घेतली त्याला पुढच्या महिन्यात तिच्याहून चपळ घ्यावी लागायची.

ओट्यावरचे बोलणे बदलले. पूर्वी कुणाची गाडी नळीवर चढून उलटली की सगळे खो खो हसत. आता जो तो शेजाऱ्याच्या गाडीच्या पोटाखाली पाही.

दस्तगीर शिंप्याची मलईच्या रंगाची हेराल्ड होती. त्याचे वडील तशीच टॅक्सी चालवत. तो नेहमीच शेवटचा येई, पण रविवार चुकवत नसे. एके दिवशी तो वस्तादांना म्हणाला, "वस्ताद, पुढच्या रविवारपासून मी न्हाई."

"का?"

"ठिपक्याची मोटर परवडत न्हाई. बिनठिपक्याची पळत न्हाई. गाडी दुकानात काचेच्या कपाटात ठेवतो. गिऱ्हाईक बघंल तरी."

पिठाच्या गिरणीवाल्या कल्पनाताई शेजारीच उभ्या होत्या. "दस्तगीरभाऊ, माझ्या फियाटलाबी जागा ठेवा कपाटात," त्या म्हणाल्या. "या निरंजनला एकट्यालाच पळू द्या. पयला बी तोच, शेवटचा बी तोच."

निरंजनाला ते लागले. तो वस्तादांकडे आला. "वस्ताद, मी नियम मोडला का?"

"नाही."

"मग लोक माझ्याकडे असं का बघतात? वाटलं तर नियम वाढवा. मोटरीचा वेग मोजायचं यंत्र आणू. ठरावीक वेगाच्या वर गेली की बाद."

"पुढच्या रविवारी बघू," वस्ताद एवढेच म्हणाले. दस्तगीरलाही त्यांनी सांगितले, "एक रविवार ये. मग कपाटाचं बघ."

रविवार आला. निरंजन जिंकला. दस्तगीर शेवटचा आला. टाळ्या पडल्या त्या मोजक्याच. तेवढ्यात वस्ताद फरशीवर उतरले. त्यांनी निरंजनाची गाडी उलटी केली, दोन स्क्रू फिरवले आणि मोटर बाहेर काढली. मग दस्तगीरची हेराल्ड उलटी करून तिचीही काढली. निरंजनाची मोटर दस्तगीरच्या गाडीत बसवली, दस्तगीरची निरंजनाच्या. मोटरीचे आणि चाकाचे दाते नीट जुळले का ते बोटाने चाक फिरवून पाहिले.

निरंजनाचा चेहरा उतरला. "वस्ताद, ती माझी आहे!"

"होती."

रतनशेठ पुढे झाला. "हे बरोबर नाही, वस्ताद. त्यानं रोख मोजून घेतलेली वस्तू आहे. असं केलं तर उद्या चांगली मोटर कोण घेईल?"

"हां," वस्ताद म्हणाले. "आता तुम्हाला समजलं. आजपासून हाच नियम. शर्यत संपली की जिंकणाऱ्याची मोटर शेवटच्याच्या गाडीत, शेवटच्याची जिंकणाऱ्याच्या. दुसरी शर्यत लावा."

दुसरी शर्यत लागली. दस्तगीरची हेराल्ड सरळ रस्त्यावर अशी सुटली की तो ओट्यावर ओरडलाच, "या अल्ला, धरा तिला!" सर्वांच्या पुढे गेली. पहिल्या वळणाला तशीच सरळ गेली आणि नळीवर चढून पालथी पडली. ओट्यावर हसू फुटले. दस्तगीर सर्वांत मोठ्याने हसला. पण तो पुन्हा शेवटचाच आला.

निरंजन रागात होता. सुस्त मोटर रागाने पळत नाही. त्याने दोनदा नळीला धडक दिली. मग त्याला जुने शब्द आठवले. त्याने वळणाआधी वेग सोडला, नळीला चिकटून वळण घेतले आणि वेग न गमावता बाहेर पडला. पुढच्या वळणाला तसेच. एकेक गाडी मागे टाकत तो दुसरा आला. पहिल्या आल्या कल्पनाताई.

वस्ताद पेचकस घेऊन त्यांच्याकडे गेले. "काढा, काढा," कल्पनाताई म्हणाल्या. "माझी तशीबी दळण भरडल्यासारखी वाजती. दस्तगीरभाऊ, सांभाळा बरं."

त्या दिवशीच्या शर्यती संपल्या. लोक भडंग खात सावलीला बसले. निरंजन मात्र वस्तादांपाशी जाऊन उभा राहिला. "वस्ताद, माझं काय चुकलं ते सांगा. झेंडा देऊ नका हवं तर, पण सांगा."

वस्ताद नळ्या गुंडाळत होते. ते थांबले.

"बस. नियम वाढवायला तू सांगितलंस. वाढवला असता. एक भोक बुजवलं की तुझ्यासारखा हुशार माणूस दुसरं शोधणार. ते तपासायला यंत्र आणायचं. यंत्र गाडीपेक्षा महाग. ते चालवायला एक माणूस, आणि त्या माणसावर नजर ठेवायला दुसरा. मला शर्यत चालवायचीय, पोलीसठाणं नाही. म्हणून मी भोक बुजवलंच नाही. त्यातून जाऊन हाती काही लागणार नाही, एवढं केलं. कुणी कितीबी महाग मोटर आणू दे. जिंकला की ती दुसऱ्याच्या गाडीत जाणार. दुसऱ्यासाठी कोण एवढा खर्च करतो?"

निरंजन फरशीवर बसला.

"आणि दस्तगीरकडं बघ. आजवर तो म्हणायचा, माझी मोटर बरी नाही. आज त्याच्याकडं तुझी मोटर होती. वळणात पडला. आता त्याला कळलं, शिकायचं काय ते. मी जिंकणाऱ्याकडनं लोभ काढला, आणि हरणाऱ्याकडनं सबब काढली. दोन्ही एकाच पेचकसानं निघाली."

"आणि मी?"

"तुझ्या मोटरीला दोन स्क्रू होते. ते मी काढले. तुझ्या हाताला स्क्रू नाही. तो हात मला कुणाच्या गाडीत बसवता येत नाही. मग तू खोकेभर मोटरी कशाला घेत बसलास? मी शिकवलेल्यावर तुझाच भरवसा नव्हता. मला राग आला तो त्याचा."

एवढे बोलून वस्ताद पुन्हा नळ्या गुंडाळू लागले. निरंजनाने नळीचे दुसरे टोक धरले.

पुढचे रविवार असेच गेले. मोटरी या गाडीतून त्या गाडीत फिरत राहिल्या. काही दिवसांनी कुठली चपळ आणि कुठली सुस्त, कुणाची मूळची कोणती, हे कुणालाच सांगता येईना. तांबडा ठिपका रतनशेठच्या दुकानात धूळ खात पडला. पण साध्या मोटरी आणि जुन्या मोटारींच्या बॉड्या त्याला पुऱ्या पडेनात, कारण ओट्यावर नवी माणसे येऊ लागली होती. शेवटी शेठ स्वतःच एक काळी अँबॅसिडर घेऊन ओट्यावर चढला. "नुसतं विकतोय किती दिवस? कसं पळतंय ते बघूया की," म्हणाला. दस्तगीर मात्र रविवार संपला तरी जात नसे. रिकाम्या फरशीवर तो एकच वळण पुन्हा पुन्हा घेत राही, आणि निरंजन त्याच्या शेजारी उभा राहून सांगे, "आधी सोडा, चाचा. शिरायच्या आधी."

दिवाळीचा रविवार आला. पहिली शर्यत निरंजन जिंकला. मोटर कुणाची होती देव जाणे. हात त्याचा होता. शेवटचा आला रतनशेठ. वस्ताद उठले नाहीत. त्यांनी नुसता पेचकस पुढे केला. निरंजनाने तो घेतला, आपली गाडी उलटी केली, मोटर काढली आणि शेठच्या अँबॅसिडरमध्ये बसवली. कुणी सांगावे लागले नाही.

शेठने वाकून पाहिले. "चांगली आहे का रे?"

"शेठ, तुमच्याच दुकानातली. बिनठिपक्याची."

ओटा हसला. शेठही हसला.

मग वस्तादांनी झेंडा निरंजनाच्या हातात दिला. भाषण केले नाही. पिशवीतून एक धुळकट निळी फियाट काढली, फुंकर मारून तिची काच पुसली आणि ते ओट्यावर ओळीत जाऊन उभे राहिले. किती वर्षांनी, ते कुणी विचारले नाही.

"वस्ताद," कल्पनाताई म्हणाल्या, "बोलणं सोपं होतं बरं का."

"बघू," वस्ताद म्हणाले.

निरंजनाने झेंडा खाली केला. वस्तादांची बोटे आता पूर्वीची नव्हती. फियाट पहिल्याच वळणाला नळीवर चढली. कुणीतरी गाडी सरळ करून दिल्यावर ते ती पुन्हा पळवू लागले. पुढे मात्र दस्तगीरची हेराल्ड वळणाआधी वेग सोडत होती, नळीला चिकटत होती आणि वेग न गमावता बाहेर पडत होती. ती पहिली आली. दस्तगीर आयुष्यात प्रथमच जिंकला. त्याने रिमोट खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. वस्ताद शेवटचे आले.

निरंजन पेचकस घेऊन फरशीवर उतरला. वस्तादांच्या गाडीपाशी येऊन मात्र त्याचा हात थांबला. वस्तादांची मोटर काढायची कशी?

"थांबलास का?" वस्ताद ओट्यावरून कडाडले. "झेंडा कुणाच्या हातात आहे?"

निरंजनाने स्क्रू फिरवले. दस्तगीरची मोटर वस्तादांच्या फियाटमध्ये बसवली. वस्तादांची जुनी, सुस्त मोटर त्याने दस्तगीरच्या तळहातावर ठेवली. दस्तगीरने ती कपाळाला लावली. मग स्वतःच हेराल्डमध्ये बसवली, चाक फिरवून दाते जुळले का ते पाहिले, आणि म्हणाला, "पुढच्या रविवारी बघू, किती पळती ते."

ज्याच्या हाती कारभार आला, त्याने पेचकस आधी आपल्या गाडीला लावावा.