तीन कुंड्यांतला राजा

एका राज्यात सिंहासन रिकामं होतं आणि राजवाड्याच्या चौकात अंजिराचं झाड उभं होतं. ते झाड म्हणजेच राजा हेमकेतू. ही गोष्ट राज्यातल्या लहानथोरांना ठाऊक होती. दरबारी सकाळी येत, झाडाला मुजरा करत आणि आपापल्या कामाला लागत.

झालं होतं ते असं. राजा शिकारीला निघाला, राणी इंदुलेखा सोबत होती. रानात रथ अडला. वाटेत अंजिराचं एक जुनं झाड होतं, त्याच्या फांद्या पार वाटेवर आल्या होत्या. राजानं खाली उतरून पाहिलं नाही, विचारपूस केली नाही. झाड तोडवलं आणि रथ पुढे काढला. ते झाड मांत्रिक तमाळाचं होतं. तमाळ आला. बुंध्यावर हात ठेवला. मग राजाला म्हणाला,

"माझं झाड तू नेलंस. आता तूच माझं झाड हो. तुझ्याच दारात उभा राहा."

राजा झाला झाड, ते थेट राजवाड्याच्या चौकात. राणीनं मांत्रिकाचे पाय धरले, उःशाप मागितला. तमाळ म्हणाला, "ह्याची फांदी तुझ्या हातानं जगली, तिला फळ धरलं, आणि ते पिकल्यावर तू खाल्लंस, तर तुझा राजा तुला दिसेल. त्या दिवशी मी येईन. मला एक गोष्ट विचारायची असेल." एवढं बोलून तो धुरासारखा विरून गेला.

आता राणीचं माहेर म्हणजे समुद्रातल्या कातळावरचा किल्ला. तिथे हिरवं म्हणून जे काही दिसे ते भिंतीवरचं शेवाळं. राणीला घोडा दौडवता येई, नौकेचं सुकाणू धरता येई. पण मातीत हात घालायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. फांदी जगवायची म्हणजे काय करायचं, हेच तिला कळेना. ती झाडाखाली उभी राही, पानं हलत, आणि राजा काही सांगतोय की नुसता वारा सुटलाय, हेही तिला कळत नसे.

वेळ तर हातात फार नव्हता. एके सकाळी प्रधान सोमदत्तानं तिला बुंध्याशी पडलेला भुसा दाखवला. खोडात कीड शिरली होती. बोटानं ठोकलं की आतून पोकळ आवाज येई.

"राणीसाहेब," प्रधान म्हणाला, "झाड पडलं तर महाराज पडले."

राणीनं जाणत्यांना बोलावलं. राजवैद्य म्हणाले, फांदीला भरपूर ऊन हवं, पूर्वेच्या सज्जात ठेवा. राजपुरोहित म्हणाले, ऊन नको, पाणी हवं, विहिरीच्या काठाशी ठेवा. सेनापती म्हणाले, दोन्ही चूक. वारा लागला की संपलं, तेव्हा महालाच्या आत ठेवा. तिघंही ठामपणे बोलले, तिघंही आपल्या जागी बरोबर वाटले. राणीचं डोकं गरगरलं.

तिनं आपल्या मनानं करून पाहिलं. शेंड्याची कोवळी, हिरवी फांदी तिला सगळ्यात जिवंत वाटली, म्हणून तीच खुडून लावली. ती काळी पडून सडली. मग जरा जून फांदी लावली. तिला पान फुटलं. राणीला राहवेना, मूळ आलंय का पाहावं म्हणून तिनं फांदी हलकेच उपसली. मूळ नव्हतं. पुन्हा रोवली, तर दोन दिवसांत पानही गळून पडलं.

राणी झाडाखाली बसली. आपण नवऱ्याला जगवतोय की तुकड्यातुकड्यानं मारतोय, हे तिला उमगेना. तेव्हा वरच्या फांदीवरून एक हरियाल बोलला. पारव्याएवढा, हिरवा-पिवळा पक्षी.

"राणी, कामं तीन आहेत. पहिलं कापण्याचं. दुसरं न पाहण्याचं. तिसरं न तोडण्याचं."

"म्हणजे काय, पाखरा?"

"पहिलं झाल्याशिवाय दुसरं सांगत नसतात," हरियाल म्हणाला. "थंडी पडू दे. पानं झडू दे. झाड झोपलं की मग ये."

थंडी पडली. पानं झडली. चौकात नुसत्या राखाडी फांद्यांचा सापळा उरला आणि लोक कुजबुजले की राजा गेला. राणीलाही तसंच वाटलं. पण ती कोयता घेऊन आली. हरियालानं सांगितलं ते तिनं ऐकलं: हिरवी नको, गेल्या सालची राखाडी फांदी घे, बोटाएवढी जाड, तिचा वीतभर तुकडा कर, आणि काप घेशील तो डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या, लगेच खाली घे. राणीनं हात उचलला, पुन्हा खाली घेतला. शेवटी डोळे उघडे ठेवून तिनं फांदी कापली. पांढरा चीक भळभळा वाहिला. झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत शहारलं. राणीनं त्या जखमेला आपला तळहात लावला, आणि चिकानं तो चुरचुरला तरी काढला नाही.

लांब फांदी होती. एक जगेल न जगेल म्हणून तिनं तिचे तीन तुकडे केले. लगेच लावायला निघाली, तर हरियालानं थांबवलं. चीक थांबून काप सुकू दे म्हणाला. ओली जखम घेऊन मातीत गेलं की कूज धरते. राणीनं वाट पाहिली. मग वाळू, माती आणि कुजलेला पालापाचोळा मिसळून तिनं तीन कुंड्या भरल्या, आणि तुकड्यांचा वरचा डोळा तेवढा बाहेर ठेवून बाकीचा भाग पुरला.

आता कुंड्या ठेवायच्या कुठे? राणीला अजूनही ठरवता येईना. मग तिनं एक पूर्वेच्या सज्जाशी ठेवली, एक विहिरीशी, एक आपल्या महालात खिडकीखाली. तिन्ही जाणते खूश झाले.

"आता दुसरं काम," हरियाल म्हणाला. "माती ओलसर ठेव, चिखल करू नकोस. मुळं धरेपर्यंत भर दुपारचं ऊन लागू देऊ नकोस. आणि खाली काय चाललंय ते पाहू नकोस."

काही दिवसांनी तिन्ही तुकड्यांना पानं फुटली. राजवाड्यात आनंद झाला. प्रधान म्हणाला, जरा उपसून खात्री करून घेऊ. राणीला मागचं आठवलं. तिनं नाही म्हटलं. पानं फुटतात ती फांदीतल्या साठ्यावर, मुळं मागाहून येतात, हे तिला हरियालानं आता सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि हात आवरणं वेगळं. तिचे हात शिवशिवत. कुंड्यांपाशी बसलं की बोटं आपोआप मातीकडे जात. म्हणून ती उठली आणि रिकाम्या दरबारात जाऊन, सिंहासनाच्या पायरीवर बसून, लोकांची गाऱ्हाणी ऐकू लागली. बांधाचं भांडण असे, चोरलेल्या बैलाचं असे. पहिल्यांदा तिचे निवाडे चुकले, काही प्रकरणं तर तिला उलगडलीच नाहीत. पण दिवस सरत गेले, आणि एक दिवस कुंडीच्या तळाच्या भोकातून पांढरं मूळ आपणहून बाहेर डोकावलं. राणीनं ते पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

पुढे तिनं तिन्ही रोपं मोठ्या कुंड्यांत हलवली, त्यांना हळूहळू उन्हाची सवय लावली. वर्ष फिरलं. तिन्ही रोपांना पानांच्या बगलेत एकेक हिरवं फळ धरलं.

इकडे चौकातलं झाड वाकत चाललं होतं. टेकू लावले होते, तरी वारा सुटला की ते करकरे. दरबारी राणीकडे आले. फळं आहेत, मग आजच खाऊन टाका, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. सेनापतींनी तर हात जोडले. राणी फळापाशी गेली. देठ ताठ होता. दाबून पाहिलं, फळ दगडासारखं. हे खाल्लं तर काय होईल? अर्धा राजा परत येईल? की कुणीच येणार नाही? तिनं हरियालाकडे पाहिलं. तो म्हणाला, "तिसरं काम मी आधीच सांगितलंय."

राणीनं हात मागे घेतला. पाखरांनी चोच मारू नये म्हणून फळांवर मलमलीचं फडकं बांधलं. हरियालाला ते लागलं. तो दोन दिवस बोलला नाही. पण फडकं तिनं सोडलं नाही.

मग एके सकाळी देठ मऊ झाले, फळांनी माना टाकल्या, आणि तळाशी मधासारखा थेंब आला. राणीनं पहिलं फळ खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसरं खाल्लं.

कुंड्यांत माती उरली, आणि दरबारात तीन राजे उभे राहिले.

तिघंही हेमकेतूच. तिघांच्या डाव्या कानाखाली तीळ. तिघांनीही तिला "इंदू" म्हणून हाक मारली, आणि तिघंही सिंहासनाकडे निघून पहिल्या पायरीशी एकमेकांना वाट देत थांबले. मुजरा कुणाला करावा ते प्रधानाला कळेना. त्यानं दोघांच्या मधल्या जागेला केला.

तेवढ्यात तमाळ आला. दारातून, साध्या माणसासारखा.

"राणी, मला विचारायचं ते हेच. ह्यातला खरा कोण? एकाचा हात धर. खरा असला तर तो तुझा. चुकलीस तर तिघांचं लाकूड होईल."

राणीनं तिघांना लग्नातलं विचारलं. तिघांनी तेच सांगितलं, सप्तपदीत तिचं पाऊल अडखळलं होतं तेसुद्धा. रथ अडला त्या दिवसाचं विचारलं. तिघांनी मान खाली घातली. मग ती नुसतीच पाहत राहिली. सज्जाशी वाढलेला तरतरीत होता, बोलण्यात घाई होती; दरबारात राजा असाच तापत असे. विहिरीशी वाढलेला भरल्या अंगाचा आणि संथ. जेवून उठल्यावर राजा असाच असे. खिडकीखाली वाढलेला बारीक, डोळ्यांत पाणी असलेला. ती तापानं फणफणली होती तेव्हा उशाशी बसलेला हाच. तिनं एकाकडे पाऊल टाकलं, की दुसरा आपला वाटे. दुसऱ्याकडे वळली, की तिसऱ्याला सोडवेना. ह्यात कुणीतरी एक खोटा निघू दे, असं ती मनात म्हणाली. पण खोटेपणाची एवढीशीही खूण तिला कुणात सापडली नाही.

आणि तिथेच ती थांबली. खोटा सापडत नाही, तर मग खोटा नसेलच. फांदी एक होती. ती तिनं स्वतः कापली होती. तिच्या तळहातावर अजून चिकाचा डाग होता.

"तुम्ही विचारलंत ते चुकीचं आहे," राणी तमाळाला म्हणाली. "बी पेरलं असतं तर दुसरं झाड आलं असतं. मी फांदी लावली. फांदीतून तेच झाड येतं. ऊन-पाणी वेगळं मिळालं म्हणून अंगकाठी वेगळी. तिघंही माझेच."

असं म्हणून तिनं तिघांचे हात एकत्र करून आपल्या दोन्ही हातांत धरले. तिच्या हातांत एकच हात उरला. समोर एकच राजा होता.

तमाळ पायरीवर बसला. "तेच झाड?" त्यानं विचारलं.

"तेच."

मग तो सांगू लागला. ते रानातलं अंजीर त्याच्या बायकोनं माहेराहून आणलं होतं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली काटकी म्हणून. तिनंच लावलं, तिनंच वाढवलं. ती गेली आणि झाड तेवढं राहिलं. राजानं ते तोडलं तेव्हा फांद्या दुसऱ्या कुणाच्या चुलीत जाऊ नयेत म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं सगळ्या जाळल्या. माणसाचं झाड करणं त्याला येत होतं. झाडाचं झाड कसं करायचं, हे त्यानं कधी बायकोला विचारलंच नव्हतं.

"चौकात आहे ते तिचंच," राणी म्हणाली. "तुम्हीच महाराजांना ते झाड केलंत. महाराज त्यातून बाहेर आले, झाड आहे तिथेच आहे."

ती चौकात गेली. कीड खाली होती, शेंडा अजून धड होता. तिनं एक राखाडी फांदी कापून मांत्रिकाच्या हातात दिली. त्यानं ती दोन्ही हातांत घेतली, उलटसुलट केली, आणि ज्याच्या शब्दानं राज्य हादरलं होतं त्या माणसानं हळूच विचारलं, "खाली कुठलं टोक?"

राणीनं दाखवलं.

राजा पुढे झाला. "झाड मी तोडवलं," तो म्हणाला. "कुंडी मी घेऊन येतो." मातीनं भरलेली कुंडी त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि रथ न मागवता तमाळाच्या मागोमाग रानाची वाट धरली. नगरातले लोक दारात उभे राहून पाहत होते. तुटलेल्या बुंध्याशेजारी दोघांनी मिळून ती फांदी लावली. शाप तिथे संपला.

राजा परतला, सिंहासनावर बसला. निवाड्याच्या वेळी राणी आता त्याच्या शेजारी बसे, कारण अर्धी प्रकरणं तिलाच ठाऊक होती. चौकातलं जुनं झाड पुढच्या वाऱ्यात पडलं. पण तोवर त्याच्या फांद्या नगरातल्या घरोघरी, परसात, ओसरीवर, फुटक्या मडक्यांतसुद्धा लागल्या होत्या. हरियाल कुठल्या घरचं फळ गोड, ते सांगत हिंडत असे. राजा रानातून परतला त्या संध्याकाळी राणीनं सवयीनं विचार न करता तीन पानं वाढायला सांगितली. राजानं तिन्ही पानांवर थोडंथोडं खाल्लं, आणि उठताना म्हणाला की विहिरीकाठचं पाणी त्याला अजून आठवतं, सज्जातलं ऊनही आठवतं, आणि खिडकीखाली कुणीतरी रोज येऊन बसत असे, तेही आठवतं.

राणीला राजा मिळाला, मांत्रिकाला झाड मिळालं, प्रजेला गोडवा मिळाला. ज्यांनी ही गोष्ट ऐकली त्यांच्या हातानंही काही ना काही रुजो, आणि पिकेतो त्यांना धीर राहो.