सशाच्या कानातली पांढरी पिसे

करवंदीच्या जाळ्यांनी भरलेल्या एका जंगलात एक ससा आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत असे. आईच्या पायात काटा मोडला होता, तिला चालवत नव्हते. म्हणून रोज दिवस कलला की ससा नदीकाठी जाई आणि तिच्यासाठी कोवळे गवत तोंडात धरून आणी. जायला यायला वाट एकच, तीही अरुंद. नेमक्या त्याच वेळी गव्यांचा कळप पाण्यावर उतरे आणि सगळी वाट धुळीने भरून जाई. पण आपल्या सशाला काळजी कसली? तो गव्यांच्या पायांमधून सुळकन निघून जाई आणि वर ऐट अशी, "मी मातीच्या रंगाचा. मी कुणाला दिसतच नाही!"

मुलांनो, एके संध्याकाळी तो खरोखरच कुणाला दिसला नाही. सगळ्यांत पुढच्या थोरल्या गव्याचा खूर धपकन त्याच्या शेपटीवर पडला. जिवावरचे शेपटीवर निभावले म्हणतात, ते अगदी तसेच. शेपटीचे केस गेले, गवत मातीत गेले आणि ससा थरथरत वाटेच्या कडेला बसला. गवा जागच्या जागी थांबला.

"बाळा, लागलं का रे फार? मला तू दिसलाच नाहीस," तो म्हणाला.

"एवढे मोठे डोळे आहेत तुम्हाला, गवादादा. मग दिसलो कसा नाही?" ससा रडवेला होऊन म्हणाला.

"मोठे आहेत, पण त्यांना सवय मोठ्यांचीच. समोरून शिंगं आली की मी थांबतो. पायाशी कोण आहे, ते या धुळीत कळत नाही."

गव्याच्या पाठीवर एक बगळा बसला होता. त्याने आपली दोन गळलेली पिसे खाली टाकली. "ही कानांत खोव. पांढरं धुळीतही दिसतं."

ससा मागे सरकला. "नको. जो दिसला तो संपला, असं आईनं शिकवलंय मला."

गव्याने नाकाने ती पिसे त्याच्यापुढे सरकवली. आता मोठ्या माणसाला किती वेळा नाही म्हणणार? सशाने ती उचलली आणि रिकाम्या तोंडी नको म्हणून तीच घेऊन घरी आला.

आईने त्याची शेपटी पाहिली आणि तिच्या काळजाचे पाणी झाले. बराच वेळ ती त्याला नुसती चाटत राहिली. मग म्हणाली, "चुकलं माझं, सोन्या. तुला अर्धंच शिकवलं मी. गवतात कोल्हा आपल्याला शोधत असतो, तिथे लपायचं. वाटेवर गवा कुणालाच शोधत नसतो. तिथे आपण होऊन दिसायचं." तिने स्वतःच ती पिसे वेलीच्या धाग्याने त्याच्या कानांना बांधली. "गवतात शिरताना मात्र आठवणीनं काढ, आणि वाटेवर आलास की परत घाल हो."

दुसऱ्या दिवशी धुळीत दोन पांढरे ठिपके हलताना दिसले आणि थोरला गवा थांबला. त्याच्यामागे सगळा कळप थांबला. एवढ्याशा सशासाठी एवढाले गवे उभे राहिलेले पाहून ससा लाजला, आणि पहिल्यांदाच सरळ वाटेने, न पळता, पलीकडे गेला.

तिकडे आई जाळीच्या तोंडाशी बसली होती. आजवर रोज संध्याकाळी तिचा जीव टांगणीला लागलेला असे. लेक अगदी पुढ्यात येऊन उभा राहीपर्यंत तो आहे की नाही, हे तिला कळत नसे. आज लांबूनच ती दोन पिसे हलताना दिसली. "आला ग बाई माझा," ती स्वतःशीच म्हणाली, आणि दुखऱ्या पायाने उठून उभी राहिली.

तात्पर्य : शत्रूपासून लपावे, पण वाटेवर सर्वांना दिसावे, आणि जो मोठा आहे त्याने लहानांसाठी थांबावे. घरी कुणीतरी दोघांचीही वाट पाहत असते.