पाच चढणारे आणि रिकामी मडकी

फार वर्षांमागे, उंच कड्याच्या पायथ्याशी एक लहान गाव होतं. कड्याच्या मध्यावर मधाची मोठी पोळी लागत; माथ्यावरून दोराने उतरून ती काढावी लागत. गावकरी वर्षातून एकदा मध उतरवत आणि त्याच्या बदल्यात वर्षभराचं मीठ आणत.

त्या साली मध उतरवणारी माणसं निवडायचं काम गावची कारभारीण धुरपदाबाई हिच्याकडे आलं. तिने कडा चढण्यात पटाईत असे पाच तरुण निवडले. सगळेच पटाईत, मग कमी काय पडणार?

वर पोचताच पाचही जण म्हणाले, "मी उतरतो, दोर तुम्ही धरा."

दुपार झाली तरी वाद मिटेना. धुरपदाबाई खालून ओरडून दमली. शेवटी एक जण उतरला. धूर करायला कुणी थांबलंच नव्हतं. माश्या उठल्या. वरच्या चौघांनी चार दिशांना दोर ओढला. उतरलेला गडी कड्यावर आपटला, त्याचा हात मोडला आणि मडकी रिकामीच परतली.

"याच्यामुळे झालं!" पाचही जण एकमेकांकडे बोट दाखवू लागले.

"गप्प बसा!" धुरपदाबाई कडाडली. मग कपाळावर हात मारून म्हणाली, "निवडलं तर मीच होतं."

दुसऱ्या दिवशी तिने धडधाकट राहिलेल्या चौघांतला राघू तेवढा उतरायला घेतला. दोराला कोंडाबाई, जिने जन्मभर खोल विहिरीचं पाणी शेंदलं होतं. धुराला म्हातारा भिवा, लाकडं धुमसवून कोळसा पाडणारा.

माथ्यावर कोंडाबाईने झाडाला दोराचा वेढा दिला आणि गाठ तीनदा सोडून पुन्हा बांधली. खालून भिवा ओरडला, "वारा फिरू दे!"

राघू वैतागला. "काकू, यांच्यापेक्षा मी एकटा बरा!"

"जा की! दोर दातात धर," या खेपेला स्वतः वर आलेली धुरपदाबाई म्हणाली.

तो फुरंगटून बसला. वारा फिरला, धूर पोळ्यांपर्यंत चढला, तेव्हा कुठे राघू उतरला. अर्ध्यावर पायाखालचा दगड निसटला. राघू लोंबकळला, पण दोर वीतभरही सरकला नाही.

दोन भरली मडकी घेऊन तो वर आला.

"मावशी," तो कोंडाबाईला म्हणाला, "पुढच्या वर्षीही गाठ तुम्हीच मारा."

"मारीन. पण घाई करायची नाही," ती म्हणाली.

तात्पर्य इतकंच: एकाच गुणाची माणसं जमवली की काम राहतं आणि भांडण वाढतं, वेगळ्या गुणांच्या माणसांचा वैताग येतो, पण तीच एकमेकांना सावरतात.