पालथ्या थाळ्या

संस्थानच्या अन्नछत्रात भिवराबाई बारा वर्षं भाकऱ्या थापत होती. एके दिवशी दिवाण रंगोपंत नाकाला उपरणं लावून दारात उभे राहिले.

"इतकी वर्षं झाली, रांग आहे तेवढीच! खैरातीनं गरिबी हटत नाही. कारकून, छत्र बंद, लिहा! नाहीतर बाई, वर आलेला एक तरी माणूस दाखव."

भिवराबाईनं हात पुसून कोठीचं दार उघडलं. आत पालथ्या थाळ्यांच्या चळती आढ्याला टेकल्या होत्या. घरची चूल पेटू लागली, की आपली थाळी इथं पालथी घालून जायचं, ही छत्राची रीत होती.

"रांग तेवढीच आहे सरकार, पण माणसं ती नाहीत." तिनं पोचे आलेली एक थाळी उचलली. "ही कोणाची, ते तुमच्या कारकुनालाच विचारा."

कारकुनानं बोरू केव्हाच खाली ठेवला होता.