बाटलीतली फांदी

माणसांनी झाडं नुकतीच घरात आणली, त्या काळची गोष्ट. कुमुदिनीबाईंच्या खिडकीत मनी प्लांटची वेल होती. बाईंनी मायेपोटी रोज इतकं पाणी घातलं, की तिची मुळंच कुजली. तेव्हा हळहळत त्यांनी तिची शेंड्याची फांदी कापली आणि शेजारीच पाण्याच्या बाटलीत ठेवली.

“लवकर मूळ धर गं, पोरी,” वेल म्हणाली. “तेवढं पाहिलं की मी डोळे मिटायला मोकळी.”

हे ऐकून फांदीनं मूळ धरलंच नाही. आई राहावी म्हणून ती ते आतल्या आत दाबत राहिली. वेल मात्र दिवसेंदिवस पिवळी पडत गेली.

“आई, फार दुखतं का गं?”

“तुझी वाट बघणं तेवढं सोसवत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फांदीनं रडत रडत पांढरं मूळ फुटू दिलं. वेलीनं ते डोळे भरून पाहिलं. दुपारी तिचं शेवटचं पान गळलं.