धन्याच्या पेरूंचा निरोप

त्या राज्यात सगळे बिळांत राहत आणि प्रत्येक बिळाला झाडाच्या सालीचे दार असे. दार वाजवायचा हक्क फक्त पाखरांना होता, पण तोही आयता मिळत नसे. ज्याला निरोप हवा असेल त्याने आपल्या अंगावरची खूण पाखराला द्यायची. सशाने केसांचा झुबका, साळिंदराने एक काटा. खूण ज्या निरोपासाठी दिली, तेवढाच निरोप पोचवायचा. हा कायदा राज्याच्या धन्यानेच केला होता आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला वेशीवर एक मुंगूस नाकेदार म्हणून बसवला होता.

नाकेदार मोठा कडक. करवंदे पिकल्याची दवंडी घरोघर पिटायला निघालेल्या साळुंकीला त्याने महिनाभर वेशीबाहेर ठेवले. तिने खूप गयावया केली, पण हा ढिम्म हलला नाही. त्याचा त्याला अभिमान होता, आणि का नसावा?

मग एका सकाळी धन्याचा राघू आला. धन्याच्या बागेत पेरू पिकले होते आणि ते दारोदार कळवायचे होते. खूण मात्र त्याच्याकडे कुणाचीच नव्हती. नाकेदाराने कायद्याची आठवण करून दिली, तेव्हा राघूने मान तिरकी करून विचारले, की तू बसतोस तो पाट कुणाचा? नाकेदाराने वेशीचा अडसर उचलला. एकदाच, असे त्याने स्वतःला बजावले.

दुसऱ्या दिवशी साळुंकी आली. तिने वाद घातला नाही, नुसती बघत उभी राहिली. ती नजर काही त्याला सोसवेना. तिलाही सोडले. मग होले आले, बुलबुल आले, आणि ज्यांच्याजवळ खुणा होत्या तेही त्या कशासाठी मिळाल्या हे सोयीस्कर विसरले. दिवसभर टकटक, टकटक. वैतागून घराघरांतून दाराच्या फटी आतून चिखलाने लिंपल्या गेल्या. नाकेदाराला आपलीच लाज वाटे. पण अडसर उचलायचा हात काही थांबला नाही.

नदीकाठच्या साळिंदरबाईंनी खंड्याला एक काटा दिला होता, तो एकाच कामासाठी. पिल्ले लहान आहेत, नदी चढली तर सांग. एका दुपारी खंड्या तोच काटा घेऊन, धापा टाकत वेशीवर परतला. तीनदा दार वाजवले, म्हणाला, कुणी उघडतच नाही.

नाकेदार वेस उघडी टाकून धावला. पाणी बिळाच्या तोंडाशी आले होते. आत पिल्ले खिदळत होती. त्याने दोन्ही पंजांनी दार बडवले.

"बाई, दार उघडा. नदी चढलीय. मी वेशीवरचा नाकेदार."

"काल राघूही हेच म्हणाला," आतून आवाज आला. त्यात राग नव्हता, कंटाळा होता. "नाकेदारानं पाठवलंय, फार तातडीचं आहे म्हणाला. उघडलं तर पेरू."

"त्याला मीच सोडला होता, बाई. माझंच चुकलं."

पाणी त्याच्या पोटाला लागले, तसा तो नखांनी फटीतला चिखल उकरू लागला. आणि तो बाहेरून जेवढा उकरी, तेवढा साळिंदरबाई आतून पुन्हा लिंपत होत्या.