ससाणा हातभर अंतरावर

एका माळरानावर, बोराटीच्या जाळीलगत, एक तितर पक्षीण आपल्या पाच पिल्लांसह राहत असे. तितरांचे घर जमिनीवरच; उंच फांदीची चैन त्यांच्या नशिबी नाही. म्हणून पक्षीण रोज सकाळी पिल्लांकडून एकच धडा गिरवून घेई. तिने "दबा!" म्हटले, की असेल तिथे अंग जमिनीला चिकटवायचे आणि ती "उठा" म्हणेपर्यंत पापणीही हलवायची नाही. मातकट पिसांचे पिल्लू मातीत असे मिसळून जाई, की शेजारून जाणाऱ्यालाही दिसू नये. चार पिल्ले हे चटकन शिकली. पाचव्याच्या मात्र पायाला भिंगरी! दबल्यावर दहा श्वासही त्याला धीर निघत नसे.

एके दिवशी आई आणि पिल्ले वाळवी टिपण्यात दंग असताना गवतावरून एक सावली सरकली. "दबा!" पक्षीण ओरडली आणि स्वतःही जमिनीला चिकटली. ससाण्याने झडप घातली, पण त्याच्या नखांत नुसते गवत आले. आता तो निघून जाईल असे तुम्हाला वाटले ना? पक्षिणीलाही तसेच वाटले. पण तो जवळच्या धोंड्यावर ऐसपैस बसला, तिच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर.

ससाणा मोठा बिलंदर. गोड आवाजात तो म्हणाला, "अगं बाई, लपतेस कशाला? तुझी तीनही पिल्लं मला दिसली आहेत. जे आधी पळेल, त्याला मी सोडून देईन. शब्द देतो!"

'तीन? म्हणजे मेला अंदाजाने बोलतोय!' पक्षिणीने ओळखले. पण हे पिल्लांना सांगणार कसे? चोच उघडली की सारेच संपले. तेवढ्यात तिची नजर पाचव्या पिल्लावर गेली. पळायच्या बेतात त्याने अंग आवळले होते आणि ते टक लावून आईकडेच बघत होते. त्याच वेळी एक लाल मुंगी तिच्या डोळ्याच्या कडेला कडकडून चावली. जीव कळवळला, पण पापणी हलली नाही. 'डोळा गेला तरी चालेल, मी हलणार नाही,' तिने ठरवले. मुंगी पुन्हा चावली, तिसऱ्यांदा चावली. पक्षीण ढिम्म! ते पाहून पिल्लाचे आवळलेले अंग हळूहळू सैल पडले आणि तेही मातीला चिकटून राहिले.

बराच वेळ वाट पाहून ससाणा वैतागला आणि दूर डोंगराकडे उडून गेला.

"उठा," पक्षीण म्हणाली. पाचवे पिल्लू धावत येऊन तिच्या पंखाखाली शिरले. "आई, तुला भीती नाही वाटली?"

"वाटली रे. पळावंसंही वाटलं. पण तू माझ्याकडे बघत होतास."

तात्पर्य : संकटात लहानांना धीर येतो तो मोठ्यांच्या उपदेशाने नव्हे, तर त्यांना ठाम राहिलेले पाहून.